पहिला वाटा कोणाचा

रविवारी सकाळी वासंतीने कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं कव्हर धुऊन, वाळवून, इस्त्री करून परत घातलं आणि सुधीरने ते लगेच काढलं.

“अगं, आई कॉम्प्युटर बघायला येतायत. कव्हर नाही.”

“आई मला बघायला येतेय,” वासंती म्हणाली. “कॉम्प्युटर तुझा तू मध्ये घातलायस.”

हे खरं नव्हतं आणि तिलाही ते माहीत होतं. कोलशेतची माणसं लेकीकडे डोंबिवलीला यायची ती गणपतीत, नाहीतर बारशाला. मेगाब्लॉकच्या रविवारी, शीळफाट्यावर बस बदलून, चौघंच्या चौघं उगाच कोण येतंय? ती येत होती होडीचा वाटा कुठे ठेवायचा ते ठरवायला.

वासंतीचा बाप काळुराम नाखवा जिवंत असताना त्याच्या अंगणात रोज मासळीचे वाटे पडायचे. माणसाला एक, जाळ्याला एक आणि होडीला एक. होडीच्या वाट्याचा पैसा स्वयंपाकघरात यायचा नाही. पोरं आजारी पडली, छप्पर गळलं, वासंतीचं लग्न निघालं, पण त्याच्या बायकोने, सरस्वतीने, त्या पैशाला बोट लावलं नाही. एक होडी गेली तर त्यातून दुसरी यायची, एवढंच त्याचं काम. मग काळुरामच गेला. खाडीचं पाणी नासलं, बोईट माशांना रॉकेलची चव यायला लागली, होडी काठावर पडून सडली आणि शेवटी लाकडाच्या भावात विकली गेली. वाटा तेवढा बँकेत एफडी होऊन बसला होता. ती एफडी येत्या मंगळवारी पिकत होती.

तिच्यावर दोघांचा डोळा होता. एक परशुराम, सरस्वतीचा थोरला. होडी गेल्यापासून तो कोलशेतच्याच एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. घोडबंदरच्या धोंडीबा नाखव्याची मशीनची होडी विकायला निघाली होती आणि परशुरामसाठी म्हणून धोंडीबाने ती दिवाळीपर्यंत थांबवून ठेवली होती. मशीन असलं की नासलेली खाडी मागे टाकून पार वसईच्या समुद्रापर्यंत जाता येतं. आता नाही तर मग त्याला कधीच होडी मिळणार नव्हती, कारण वॉचमनच्या पगारातून होडी होत नाही. गावातले लोक त्याला अजून ‘नाखवा’, म्हणजे होडीचा मालक, म्हणायचे, आणि हल्ली ते म्हणताना थोडे हसायचे.

दुसरा सुधीर, वासंतीचा नवरा. मोठागावच्या कोळ्याचा नातू, पण आजोबांनंतर त्यांच्या घरात कोणी वल्हं धरलं नव्हतं. तो ठाण्याला विमा कंपनीत होता आणि शेअरबाजारावर त्याचं लग्नाआधीपासूनचं प्रेम होतं. मध्यंतरी त्याने एका सागवानाच्या स्कीममध्ये पैसे घातले होते. कंपनी दरवर्षी त्याच्या झाडाचा फोटो पाठवायची. तिसऱ्या वर्षी फोटोही आला नाही. वासंतीने पहिल्या वर्षीचा फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावला होता. पाहुण्यांनी विचारलं की ती म्हणायची, “आमच्या ह्यांचं झाड. हरवलंय.”

आता सुधीरने नवीन काढलं होतं, झेपनेट. घरोघरी टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट देणारी कंपनी. तिचा पब्लिक इश्यू येणार होता, दहाचा शेअर एकशे ऐंशीला, आणि सुधीरचं म्हणणं असं, की होडीचा वाटा अख्खाच्या अख्खा त्यात घालावा. सरस्वतीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “जावईबापू, पाटीत हात घातल्याबिगर मी कोनाची मासली घेतली नाय. मना ती वस्तू दाखवा.”

म्हणून हा रविवार.

*

चौघं आली ती कोलंबीची अर्धी पाटी घेऊनच. सरस्वती पुढे, मागे तिची नणंद जनी, तिच्या मागे परशुराम आणि त्याची बायको मंजुळा. जनीआत्याने आल्या आल्या खुर्ची पंख्याखाली ओढली.

“मी कौल लावून आलेय गावदेवीला,” तिने जाहीर केलं. “उजवं फूल पडलं.”

“बघा!” सुधीर म्हणाला. “देवीचापण पाठिंबा आहे.”

“कोणाला पण? आत्ये, विचारलंस काय तू?” वासंतीने विचारलं.

जनीआत्या थांबली. “शेअर घेऊ का, असं इचारलं.” मग जरा वेळाने, “का होडी घेऊ का, असं इचारलं? बाय, उनात चालून चालून माझं डोकंच फिरलंय. उजवं पडलं एवढं मातर नक्की.”

सरस्वती कॉम्प्युटरसमोर बसली. पदर खोचून, मांडी घालून, खुर्चीवरच. सुधीरने बटणं दाबली. टेलिफोनला जोडलेल्या डबीतून आधी शिट्ट्या आल्या, मग खरखर, मग कोणीतरी पत्रा ओढत नेतंय तसा आवाज.

“दुखतंय काय तिला?” सरस्वतीने विचारलं.

“लागतोय आई. नंबर लागतोय.”

नंबर तिसऱ्यांदा लागला. “विचारा आता,” सुधीर म्हणाला. “जगातलं काहीही विचारा.”

“आज भाऊच्या धक्क्याला पापलेटचा भाव काय?”

सुधीरने घसा साफ केला. “ते अजून नाही टाकलंय कोणी. पण जपानच्या मासळीबाजाराचा फोटो दाखवतो, बघा.”

फोटो यायला लागला. वरून खाली, एकेक पट्टी. आधी बाजाराचं छप्पर आलं, मग दिवे, मग टोप्या घातलेली माणसं, मग एका दांडग्या माशाची पाठ. सगळे पुढे वाकले. गॅलरीत जाऊन उभा राहिलेला परशुरामसुद्धा दारापर्यंत आला.

“आता पोट येनार,” जनीआत्या म्हणाली.

पोट आलं नाही. डबीतला दिवा विझला आणि लाइन कटली.

“कल्ले नाय दिसले,” सरस्वती म्हणाली. “कल्ले बघितल्याबिगर मी त्याला ताजा कसा म्हनू?”

मंजुळा तोंडावर पदर धरून हसली. सुधीरही हसला, कारण तो मुळात चिडका नव्हता. सरस्वतीला हा जावई त्यासाठीच आवडायचा. पैसे बुडवून आला तरी हसतच यायचा. पण तिने त्याला सोडलं नाही.

“ही तार कोनाची? तुमच्या कंपनीची?”

“तार टेलिफोन खात्याची. कंपनी त्यावरून सेवा देते.”

“म्हंजे खाडीत रोवलेले खुंट दुसऱ्याचे नि त्यावर बांधलेलं जालं आपलं. खुंटवाल्यानं उद्या वाटा वाढवून मागितला तर?”

“मागेल,” सुधीर म्हणाला. “तो धोका आहे. मी नाही म्हणत नाही.”

“गिऱ्हाईक तासावर पैसे देतं ना? उद्या बाजूला दुसरा बसला नि त्याने सस्तात दिलं तर?”

“देणारच. लायसन खुलं झालंय, पुढच्या वर्षी गल्लोगल्ली कंपन्या होतील.”

“मग तुमच्या कंपनीला आज नफा किती व्हतो?”

सुधीरने खिडकीबाहेर बघितलं. “होत नाही. तोटा आहे सध्या.”

“अगो बाय!” जनीआत्या खुर्चीत सरळ झाली. “तोट्यात विकतात नि वर लोकांकडनं पैसे मागतात?”

“थांबा, थांबा,” सुधीर आता खुर्ची ओढून सासूच्या समोर बसला. “आई, तुम्ही पहिल्यांदा ठाण्याच्या बाजारात बसलात, तेव्हाची गोष्ट वासंतीने सांगितलीय मला. पहिला पावसाळा तुम्ही काय केलंत? पाच बोंबलांवर दोन फुकट दिलेत की नाही? घरी तोटा, तुमच्या सासूबाईंच्या शिव्या. कशासाठी?”

सरस्वतीने मांडी सोडून पाय खाली घेतले.

“गिऱ्हाईक बांधायला,” तो म्हणाला. “त्या बायका आज पंचवीस वर्षं तुमच्याकडेच येतात. शेजारची स्वस्त देते तरी येतात. कंपनी तेच करतेय. फक्त त्या बायका टिकतील की पळतील, ते मला आज सांगता येत नाही. ते कोणालाच येत नाही. टिकल्या तर एकाचे दहा होतील. पळाल्या तर आपण बसलो.”

सरस्वतीच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू आलं. लिलावात झाकलेल्या पाटीवर बोली लावताना तिच्या चेहऱ्यावर ते यायचं, आणि ते आलं की काळुराम नाखवा घाबरायचा.

“मना आवडली कंपनी,” ती म्हणाली.

परशुराम दारातून मागे फिरला आणि परत गॅलरीत जाऊन उभा राहिला.

*

स्वयंपाकघरात वासंती आणि मंजुळा कोलंबी सोलत बसल्या होत्या. अर्धी सोलायची होती, अर्धी तशीच वासंतीच्या सासरी मोठागावला द्यायची होती.

“वहिनी, तुला सांगते,” वासंती खालच्या आवाजात म्हणाली, “आईला तूच काहीतरी बोल. होडीच घेऊ दे दादाला.”

मंजुळाने मान वर केली. “आनि तुझा नवरा?”

“माझ्या नवऱ्याचं झाड हॉलमध्ये लटकलंय. आता आईचे पैसे गेले तर मी कोलशेतला तोंड कसं दाखवू? जन्मभर ऐकायला लागेल मला, वासंतीच्या नवऱ्यानं होडी बुडवली म्हणून.”

मंजुळाने दोन कोलंब्या सोलल्या. “मग मीपन सांगते. मना नको होडी.”

“काय?”

“शेअरच घेऊ दे. बुडाले तर पैसे बुडतील.” तिने सुरी खाली ठेवली. “दोन वर्सं झाली, हे संध्याकाळी सहाला घरी येतात. एक तारखेला पगार येतो. मी वाऱ्याचा आवाज ऐकत बसत नाय. तुला नाय कलनार, तू डोंबिवलीत असतेस. माझा भाऊ दर्यात गेला तेव्हा मी सात दिवस धक्क्यावर बसून व्हते.”

मंजुळाचा भाऊ गेल्याचं वासंतीला माहीत होतं, पण मंजुळा त्याच्याबद्दल कधी बोलत नसे.

“दादाला सांगितलंस?”

“काय सांगू? मानूस झोपेत होडी चालवतो. हात हलतात त्याचे रात्री.” ती एकदम हसली आणि डोळे पुसले, कोपराने, कारण हाताला कोलंबी लागली होती. “गेल्या शनवारी माझा केस ओढला, मी वरडले तर म्हनतो, दोर अडकलाय.”

दोघी हसत सुटल्या. बाहेरून जनीआत्या ओरडली, “काय गो, पिकलाय काय शेअर?”

*

गॅलरीत सुधीर आला आणि परशुरामच्या शेजारी कठड्याला टेकला. समोरच्या बिल्डिंगीत कोणीतरी गादी झोडत होतं.

“दादा, रागावलात?”

“नाय रे.”

“खरं सांगू? मला आईंचे पैसे बुडवायचे नाहीयेत. होडी म्हटलं की तुम्हाला ती दिसते, हात लावता येतो. पण तीसुद्धा बुडतेच की. डिझेल वाढलंय, मासळी कमी झालीय. हिशोबाने बघितलं तर होडीही काही सेफ नाही.”

“तू बरोबर बोलतोस,” परशुराम म्हणाला. त्याला ते खरंच बरोबर वाटत होतं आणि म्हणून जास्त वाईट वाटत होतं. “मना एक सांग. तुझी ती कंपनी, तिच्यात तुला रोज काय करायला लागंल?”

“काहीच नाही. भाव बघायचा पेपरात.”

“हां,” परशुराम म्हणाला. “मी गेटवरपन तेच करतो. बघत बसतो.”

सुधीरने खिशातून बडीशेप काढली आणि दोघांनी ती खाल्ली.

परशुरामला अंगण आठवत होतं. दहा-बारा वर्षांचा असेल तो. काळुराम वाटे मांडायचा, सारखे, पण सारखे केले तरी एखादा वाटा डोळ्याला जास्त दिसतोच. म्हणून पाठ फिरवायची रीत. पोराला उलटं उभं करायचं, बापाने एका वाट्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ‘हा कोनाचा?’ पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा वाटा. मग भांडण नाही. दुसऱ्यांच्या अंगणात पोरं मनाला येईल त्या नावाने सुरुवात करायची. परशुराम नेहमी एकाच नावाने करायचा. पहिल्या बोटाला ‘होडीचा’, मग बाकीचे. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. किनाऱ्यावर सगळे चिडवायचे, काळुरामची होडी कधी उपाशी राहायची नाय.

*

जेवणं झाली. कोलंबीचं कालवण सुधीरने दोनदा मागून घेतलं, तेव्हा जनीआत्या म्हणाली, “खा जावईबापू, कंपनीला तोटा हाय, तुला कशाला?” मग ताटं उचलली गेली आणि विषय परत मध्ये येऊन बसला.

आणि गंमत अशी झाली, की कोणी आपापल्या जागेवर नव्हतंच. वासंती होडीच्या बाजूने बोलायला लागली आणि सुधीर तिच्याकडे बघतच राहिला. मंजुळा म्हणाली, “शेअर घ्या, भावोजी म्हनतात ते बरोबर हाय,” तेव्हा परशुरामने मान खाली घातली ती वर केली नाही. दोन्ही बायका आपापल्या नवऱ्याच्या विरुद्ध आणि दोन्ही नवरे गप्प. जनीआत्या आधी होडीकडे होती. सुधीरने तिला पान लावून दिलं, तेव्हा ती कंपनीकडे गेली. परशुरामने तिच्या पायाशी उशी ठेवली, तेव्हा परत होडीकडे आली.

“दोन-दोन झाले,” सुधीर म्हणाला. “आत्या हिशोबात धरत नाही.”

“का रं? मना मत नाय?”

“तुम्हाला दोन आहेत.”

सरस्वती इतका वेळ दात कोरत ऐकत होती. तिने परशुरामकडे बघितलं, मग मंजुळाकडे, जरा जास्त वेळ. मग उठली, उरलेल्या कोलंबीची पाटी घेऊन आली आणि टीपॉयवरचा पेपर ओढून जमिनीवर पसरला.

“आई, तो आजचा आहे!” सुधीर कळवळला. “बाजारभावाचं पान आहे ते!”

“मग बरोबर हाय,” म्हणून तिने त्याच्यावर कोलंबी ओतली. दोन ढीग केले. एक मोठा, एक त्याच्या पाव. “हा मोठा वाटा मुद्दलाचा. हा लहान व्याजाचा. एक होडीचा, एक कंपनीचा. परशा पाठ फिरवंल, मी बोट ठेवीन, तो नाव घेईल. पडंल ते पडंल. नंतर कोनी तोंड वाकडं करायचं नाय. कबूल?”

सुधीरने विमा कंपनीच्या डोक्याने विचार केला. माणूस पाठमोरा, त्याला बोट दिसणार नाही, आईंचं मत तर कंपनीकडे. “फिफ्टी-फिफ्टी. एकदम फेअर आहे. कबूल.”

“आई,” वासंती म्हणाली आणि थांबली. तिला आपल्या अंगणातली संध्याकाळ आठवली, आणि पाठमोरा दादा. तिने आईकडे बघितलं. आई पेपरची सुरकुती सारखी करत होती. “कबूल,” वासंती म्हणाली.

“उठ रे,” सरस्वती म्हणाली.

परशुराम उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. समोर सागवानाचा फोटो होता. इतका मोठा माणूस, वॉचमन, मिशीवाला, आणि हात पाठीमागे बांधून शाळेतल्यासारखा उभा. जनीआत्यालाही हसू आलं नाही.

सरस्वतीने हात पुढे केला. बोट मोठ्या वाट्याच्या वर आलं आणि तिथेच थांबलं.

मंजुळाने ते बघितलं. काळुराम नाखव्याच्या घरात ती सून म्हणून आली, त्यानंतर किती वर्षं तिने हे वाटे पडताना बघितले होते. पहिल्या बोटाला नवरा काय म्हणणार, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. आणि सासू तिच्याकडेच बघत होती. चिडवत नव्हती, दटावत नव्हती. बोट खाली टेकत नव्हतं. हे विचारणं आपल्यासाठी आहे, हे मंजुळाला कळलं.

तिने फक्त एवढं बोलायची खोटी होती. ‘लहानापासून करा ना आय.’ सुधीरला काही कळलंही नसतं. मुद्दल कंपनीत गेलं असतं, नवरा संध्याकाळी सहाला घरी आला असता, आणि रात्री त्याचे हात हलले असते. आयुष्यभर तसेच हलले असते.

फ्रिज घरघरत होता. परशुराम भिंतीकडे बघत होता. त्याची मान किंचित वाकडी झाली होती, काहीतरी ऐकत असल्यासारखी.

“टेकवा ना आय,” मंजुळा म्हणाली. “हात दुखंल तुमचा.”

बोट मोठ्या वाट्यावर टेकलं.

“हा कोनाचा?”

सुधीर ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला, बहुतेक देवाचं नाव.

“होडीचा,” परशुराम म्हणाला.

“फिर आता,” सरस्वती म्हणाली. पण तो फिरला नाही. खांदे हलत होते त्याचे. जनीआत्या उठली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, “उजवं फूल पडलं व्हतं म्हनलं नव्हतं मी? होडीचंच इचारलं व्हतं.”

“नशीब आहे दादांचं,” सुधीर म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, तरी त्याने पुढे होऊन परशुरामचा हात हातात घेतला. “फिफ्टी-फिफ्टी चान्स होता. प्रॉबॅबिलिटी.”

“हो ना,” वासंती म्हणाली. “तीच ती.”

“नि तोंड पाडू नका जावईबापू,” सरस्वती कोलंबी पाटीत भरता भरता म्हणाली. “व्याज तुमच्या कंपनीत घाला. त्यात माझ्या मासलीच्या पाटीचे थोडे पैसे घाला. होडीच्या पैशानं जुगार खेलायचा नाय, माझ्या पैशानं खेलते मी. आवडलीय मना कंपनी. खोटं नाय सांगत.”

“बुडाले तर आई?”

“तर मनापन एक फोटो द्या,” सरस्वती म्हणाली. “वासंतीच्या झाडाशेजारी लावू.”

*

शीळफाट्यावर उतरेपर्यंत संध्याकाळ झाली होती. ठाण्याची बस यायची होती. जनीआत्या आणि सरस्वती कणीसवाल्याकडे गेल्या होत्या आणि तिथे मीठ कमी की जास्त यावरून दोघींचं सुरू झालं होतं. ट्रक जात होते, धूळ उडत होती. परशुराम आणि मंजुळा रिकामी पाटी मध्ये ठेवून उभी होती.

एक ट्रक जवळून गेला तशी परशुरामने पाटी पायाने आत सरकवली.

“धोंडीबाकडे उद्याच जाता?” मंजुळाने विचारलं.

“मंगळवारी एफडी सुटली की.”

“बरं.”

“मंजुळे,” तो म्हणाला. तो तिला नावाने सहसा हाक मारत नसे. “आयचं बोट थांबलं व्हतं ना?”

मंजुळा दचकली. “तुमी तर पाठमोरे व्हतात.”

“इतकी वर्सं पाठमोरा उभा राहिलोय. बोट टेकायला किती वेल लागतो ते मना म्हायती हाय. आय कोनासाठी थांबली, तेपन कललं.” त्याने पाटीची कड अंगठ्याने घासली. “मी ठरवलं व्हतं. तू काय नाय बोललीस, तर तुझ्या मनात नाय समजून कंपनीचा म्हनायचं.”

मंजुळा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड फिरवलं, रस्त्याकडे, कारण बस येतेय का ते कोणीतरी बघायला हवं होतं.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“धूल गेली डोल्यात.” तिने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. “आनि ऐका. वसईच्या पुढं जायचं नाय. वारा असला तर जायचंच नाय. ती फुगवायची जाकिटं मिलतात ना, ती आधी घ्यायची, मशीनला रंग मागून.”

“घेतो.”

“आनि झोपेत होडी चालवायची नाय आता. दिवसा मिलनार हाय ना, मग रात्री माझे केस सोडायचे.”

परशुराम हसला. मागून सरस्वती ओरडली की बस आली, आणि तो पाटी उचलून पुढे धावला, जागा धरायला.